नाल्यावरचं स्वयंपाकघर

माय, तुझं मागचं स्वयंपाकघर उद्या पाडायचं आहे. त्याला 'हो' मीच म्हटलं. दुसऱ्या कोणावर ढकलावं म्हणून इकडेतिकडे पाहिलं, पण आता या घरात मोठी मीच.

पूर्वी नाला आपल्या घरापासून चांगला लांब होता. चुलीची राख, छपराचे फुटके कवेलू, कोणाची भिंत पडली की तिची माती, असं सगळं तू रोज मागे नेऊन टाकायचीस. ओळीतल्या साऱ्या बायका तेच करायच्या. नाला हटत गेला, अंगणं वाढत गेली. बाबा एकदा म्हणाले, "काहून बुजवून राहिली वं नाला? पानी कुठून जाईन?" तू पदर खोचून म्हणालीस, "नाला काय कोनाच्या बापाचा हाय? पानी आपली वाट शोधून घेईन." त्याच भरावावर तू स्वयंपाकघर उठवलंस, घरापेक्षा हातभर उंच, आणि पहिल्या दिवशी अख्ख्या गल्लीला कोथिंबिरीची सांबारवडी खाऊ घातलीस. जन्मात तुझी म्हणावी अशी तेवढी एकच खोली होती, हे मला फार उशिरा कळलं.

मग पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचं ते पाणी. आपण मारबतीची मिरवणूक पाहून परतलो आहोत, 'इडा पीडा घेऊन जा गे मारबत' ओरडून तुझा घसा बसला आहे, आणि आपल्याकडे चक्क ऊन आहे. पाऊस पडतोय तो नाल्याच्या वरच्या अंगाला, जिथे शेतं मोडून घरांच्या प्लॉटांचे ले-आउट पडले आणि पाणी मुरायला मातीच उरली नाही. बघता बघता नाला फुगतो. तुझी चूल कोरडी राहते. पलीकडच्या काठावर तुझी मैत्रीण राहते, जिच्याकडे तू विरजण मागायला जायचीस, तिच्या घरात छातीभर पाणी शिरतं. पाणी ओसरल्यावर ती ओल्या लुगड्यानं आपल्या दारात आली. तू चहा दिलास. तिनं कप नुसता हातात धरला. "तुह्या चुलीच्या जागी जे पानी रायत होतं, ते माह्या घरात आलं वं बाई," एवढंच म्हणाली. पुढच्या उन्हाळ्यात तिनंही भराव घातला, आणि तू स्वतः डोक्यावरून घमेली वाहून तिला माती दिलीस. तुझी मायाही तशीच, मातीची. त्यानंतर पाणी दोघींच्याही घरात यायला लागलं.

तू गेल्यापासून दर पावसाळ्यात त्या खोलीतला गाळ मी उपसते. डबे वर चढवायचे, चिखल बाहेर ओढायचा, भिंतींना चुना लावायचा, आणि पुन्हा आभाळ भरलं की जीव टांगणीला. थकले गं. शेवटी वस्तीनं मिळून ठरवलं, दोन्ही काठांवरचं मागचं बांधकाम काढायचं. तुझ्या मैत्रिणीची सून विचारायला आली, "काकू, तुमच्या मायची खोली हाय, मन होईन का तुमचं?" मी म्हटलं, होईन.

वर नवे ले-आउट पडतच आहेत, त्यामुळे पाणी थांबेल असं मला वाटत नाही. पण निदान त्याला जायला जागा असेल.

हे पत्र पाठवू कुठे? या घराशिवाय तुझा दुसरा पत्ताच नव्हता. आज तुझ्या ओट्यावर शेवटचा चहा केला. रडू येईल म्हणून दार लावून घेतलं होतं. आलं नाही, माय. मला बरं वाटलं.