मला गिअर जमत नाही म्हणे!

तीर्थरूप दादास,

धाकट्या बहिणीचा नमस्कार. रागातला आहे, पण नमस्कारच आहे, तेव्हा गुपचूप घे. तुझे गुडघे कसे आहेत? वहिनींचा खोकला गेला का? (त्यांना म्हणावं, गार पाणी बंद करा. ऐकणार नाहीत, पण म्हणावं.) इकडे आम्ही दोघं खुशाल. खुशाल म्हणजे ह्यांचा डावा डोळा होता तिथेच आहे आणि माझा पारा होता तिथून बराच वर गेला आहे. फोन करायचा सोडून पत्र कशाला, असं तू विचारशील. तर फोनवर तू माझं एकही वाक्य क्रियापदापर्यंत पोचू देत नाहीस. पत्रात तुला मध्ये तोंड घालता येत नाही. आता चष्मा लाव आणि शेवटपर्यंत वाच.

गेल्या रविवारी तू फोनवर काय म्हणालास ते तुला आठवत नसेल, मला शब्दन् शब्द पाठ आहे. तुला काही या जन्मात गिअर जमायचा नाही, त्यांना डॉक्टर आता गाडी चालवू देत नाहीत, तेव्हा बाबांची गाडी दारात गंजत ठेवण्यापेक्षा येत्या रविवारी माझे दातांचे डॉक्टर येऊन घेऊन जातील. एवढं बोलून तू फोन ठेवलास. वर 'काळजी घे' म्हणालास! गाडीचे कागद तुझ्या नावावर आहेत, मान्य. पण नऊ वर्षं ती माझ्या दारात उभी आहे, तिच्या सीटची कव्हरं मी शिवली आहेत (दोनदा, कारण पहिल्या कव्हरांवर तूच चहा सांडलास), आणि मला काय जमेल नि काय नाही हे ठरवणारा तू कोण टिकोजीराव? चाळीस वर्षं पायमशीन चालवणाऱ्या बाईला पाय कसे चालवायचे ते तू सांगणार?

आता ह्यांचं ऐक. बत्तीस वर्षं ह्या माणसाने बस चालवली. दुसऱ्याच्या गाडीत ह्यांचा कधी डोळा लागत नाही, तो धंद्याचा दोषच आहे. तुझ्या गाडीतून आपण वहिनींच्या माहेरी गेलो होतो ना, सात तास? लोण्यासारखी चालवतो म्हणून तू अजून सांगत फिरतोस. हे सातही तास टक्क जागे होते आणि पायाखालची रबरी चटई, जिथे ब्रेक असायला हवा तिथे, दाबून दाबून पार चपटी केली होती. (तुला वाईट वाटेल म्हणून इतकी वर्षं बोलले नव्हते. आता वाटू दे.) तर तीन महिन्यांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरांनी ह्यांना सांगितलं, स्टिअरिंग बंद. घरी येऊन ह्यांनी किल्ली खिळ्याला अडकवली आणि त्यावर चकार शब्द काढला नाही. पण रोज जेवण झालं की 'सीटची धूळ पुसून येतो' म्हणून खाली जातात आणि तासभर उभ्या गाडीत बसून राहतात. इतकी धूळ कुठल्याही गाडीत नसते, दादा. माझं मशीन खिडकीशी आहे, मला सगळं दिसतं. एक दिवस बघते तर गाडी बंद, आणि हे क्लच दाबून गिअर बदलताहेत. पहिला, दुसरा, तिसरा. पुढे कुठे तरी वळण आलं असावं, कारण परत दुसरा टाकला. मला इतकं रडू आलं की हातातल्या ब्लाउजची बाही उलटी लागली. त्याच संध्याकाळी मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. मी चालवणार आणि ह्यांना शेजारी बसवून ह्यांना हवं तिथे नेणार. आणि तू म्हणतोस दातांचे डॉक्टर नेणार! मग ह्यांनी दुपारी बसायचं कुठे? त्यांच्या दात काढायच्या खुर्चीत?

ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर म्हणजे एक नग आहे. मी त्यांचं नाव हाफक्लच ठेवलं आहे, कारण ते दुसरं काही बोलतच नाहीत. गाडी चढावर आहे? हाफक्लच. वळायचंय? हाफक्लच. समोर म्हैस? हाफक्लच. बरं, क्लच अर्धा म्हणजे नेमका किती हे विचारलं तर म्हणतात, ते समजतं आपोआप. अहो, आपोआप समजलं असतं तर तुमच्याकडे कशाला आले असते! आणि माझी अडचण वेगळीच होती, ती त्या माणसाला सांगूनही कळेना. पायमशीनवर दोन्ही पाय एकत्र चालतात. चाळीस वर्षांची सवय. डावा पाय दबला की उजवा त्याच्यामागे निघालाच, त्याला कुणी बोलवावं लागत नाही. म्हणजे मी क्लच दाबला की ॲक्सिलरेटरही दबणार, गाडी जागच्या जागी बोंबलणार, आणि मी घाबरून दोन्ही पाय एकदम उचलले की ती बेडकासारखी उडी मारून बंद पडणार. पहिल्या आठवड्यात मास्तरांचं डोकं दोनदा काचेला लागलं. (बरं झालं.)

घरी यावं तर हे वाट बघत बसलेले. इतके दिवस मुक्यासारखा राहिलेला माणूस, आता तोंडाला खंड नाही! ह्यांचं म्हणणं, हाफक्लच हा चोरांचा धंदा आहे, क्लचप्लेट जळते. खरा ड्रायव्हर डबल क्लच मारतो. म्हणजे क्लच दाबा, गिअर न्यूट्रलला आणा, क्लच सोडा, परत दाबा, मग पुढचा गिअर घाला. एका गिअरला दोन नमस्कार! ह्यांच्या जुन्या बसला तसंच लागायचं म्हणे, नाहीतर गिअर करकर दात खायचा. मी म्हटलं, अहो ही बस नाही, मागे पन्नास माणसं नाहीत. तर म्हणाले, माणसं नसली म्हणून रीत सोडायची का? आणि तिसरा तू. 'आवाज ऐक, इंजिनच सांगतं गिअर कधी बदलायचा.' कुणाचा आवाज ऐकू रे? डाव्या कानात हाफक्लच, उजव्या कानात डबल क्लच, आणि फोनवर तू. इंजिनाला बोलायला जागा ठेवली होती का कुणी?

कहर झाला तो कालच्या गुरुवारी नव्हे, त्याच्या आधीच्या. हे हट्टाने शिकवणीच्या गाडीत मागे येऊन बसले, पुढे माझ्याशेजारी मास्तर. पाण्याच्या टाकीकडे जाणारा चढ आणि त्यावरच सिग्नल. हिरवा झाला की मास्तर म्हणणार सोडा, हे म्हणणार दाब, आणि मी दोघांचं मन राखायला जाणार. गाडी अकरा वेळा बंद पडली. मोजलं मी नाही, मागच्या लाँड्रीच्या गाडीवाल्याने मोठ्याने मोजलं. शेवटी ट्रॅफिक पोलीस काचेशी वाकून, अगदी अदबीने, म्हणाला, 'बाई, आज मुक्काम इथेच का?' झालं. मी हँडब्रेक ओढला, दार उघडलं आणि सरळ फुटपाथवर जाऊन बसले. मास्तर आणि हे आत भांडतच होते, बाईसाहेब उतरल्यात हे त्यांना दोन मिनिटांनी कळलं.

मग हे उतरले. हळूहळू, दाराला धरून, कारण फुटपाथची कड त्यांना आता नीट दिसत नाही. शेजारी बसले. म्हणाले, मशीनवर जाड शिवण आली की काय करतेस? मी म्हटलं, काय करणार, शिवण यायच्या आधीच पाय हळू करते, नाहीतर सुई मोडते. म्हणाले, मग चढाचं काय वेगळं आहे? एवढी साधी गोष्ट हा माणूस तीन आठवडे पोटात घेऊन डबल क्लचच्या आरत्या म्हणत होता! मी तिथेच बूट काढले. चाळीस वर्षांत मी बूट घालून कधी मशीन चालवलं आहे? तळव्याला पॅडल लागलं, आणि मशीनचा पट्टा चाकावर बसतो तेव्हा जशी बारीक थरथर येते, तशी अर्ध्या वाटेवर क्लचमध्ये आली. हाच तो मेला हाफक्लच! उजव्या पायाला मी दटावलं, तू गप बस, तुझी पाळी आली की सांगते. गाडी चढली, दादा. लाँड्रीवाल्याने टाळ्या वाजवल्या.

मंगळवारी परीक्षा पास झाले. मास्तरांच्या गाडीत रिव्हर्सही घेऊन दाखवला, एका फटक्यात. लायसन खरंखुरं आहे, हवं तर तुझ्या दातांच्या डॉक्टरांना दाखव. आपल्या गाडीत पाचही गिअर घालते, वर घरची शांती म्हणून चौथ्यावरून तिसऱ्यावर येताना डबल क्लच मारते. त्याची काही गरज नाही, पण ह्यांच्या चेहऱ्यावर काय समाधान दिसतं! फक्त आपल्या गाडीत हे मला रिव्हर्स शिकवत नाहीत. डेपोचा नियम आहे म्हणतात: मागे कंडक्टर उभा राहून शिट्टी वाजवत नाही तोवर बस मागे घ्यायची नाही. आता मी कंडक्टर कुठून आणू? पण नसला रिव्हर्स तर नसला, मला पुढे जायचं आहे, मागे नाही.

तेव्हा गाडी मिळणार नाही. डॉक्टरांना तसं कळव. उत्तराची वाट बघत नाही, कारण मी परवानगी मागितलेली नाही.

तुझी,
धाकटी (लायसनधारक)

ता.क. वहिनींच्या ब्लाउजच्या बाह्या सैल करून ठेवल्या आहेत. त्यांच्यावर माझा राग नाही.

ता.क. २. या पाकिटावर तिकीट नाही हे तुझ्या लक्षात आलं असेलच. वरचं सगळं काल घरी लिहिलं होतं. आज शनिवार, टाकण्याऐवजी स्वतःच घेऊन आले. सत्तेचाळीस किलोमीटर, एकदाही बंद न पडता. तुमच्या वॉचमनकडे पाकीट देऊन वर पाठवतेय. वरून डोकावलास तर बाबांची गाडी दिसेल, तुझ्या बंद फाटकाला नाक लावून. फाटक बाहेर उघडतं, तेव्हा वाट अडली आहे हे कबूल. मास्तरांच्या गाडीत गिअर खाली दाबून मागे ओढला की रिव्हर्स पडायचा. इथे तसं केलं तर ती पुढे सरकली. आधी फाटकापासून चार बोटं लांब होते, आता दोन आहेत. दांड्यावरचे आकडे बाबांच्या तळव्याने कधीच पुसून टाकलेत. तेव्हा जरा खाली ये आणि रिव्हर्स कुठे पडतो तेवढं दाखव. हसायचं असेल तर जिन्यात हसून घे.

ता.क. ३. हॉर्न का नाही वाजवला, फोन का नाही केला, असं म्हणशील. फोन ह्यांच्या शर्टाच्या खिशात आहे, आणि हे शेजारच्या सीटवर झोपले आहेत. घाट संपला, मी तिसऱ्यावर आले, आणि बघते तर मान कलंडलेली, तोंड उघडं, पाय मोकळे सोडलेले. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा, दादा. वीस किलोमीटर मी गिअर इतक्या हळू बदलले की माझे मलाच कळले नाहीत. अर्धा तास झाला, इथे बसून हे तुला लिहितेय आणि मला उठवावंसं वाटत नाही. तू मागे उभा राहून हातानेच खुणा कर. शिट्टी वाजवू नकोस.