वरचा आकडा

४ नोव्हेंबर, मंगळवार
येडगावला पोचले. घर धरणाच्या पाण्याला लागून, अंगणापुढं द्राक्षाचा मांडव. जुन्नरच्या दवाखान्यात तीन वर्षं घासल्यावर ही ड्यूटी म्हणजे सुट्टीच! पेशंट गेणभाऊ, सत्तरीचे. हृदयाची झडप अरुंद झालीय, पुढच्या महिन्यात पुण्यात ऑपरेशन. मला ठेवलंय त्यांच्या मुलानं, ज्ञानेश्वरनं. तो चाकणला असतो. गेणभाऊ इतकं हळू बोलतात की वाकून ऐकावं लागतं. पाणी दिलं तरी हात जोडतात. त्यांच्या बायकोनं, बायडाबाईंनी, गरम भाकरी वाढून लेकीवानी ऱ्हा म्हणून सांगितलं.

५ नोव्हेंबर
सकाळी गेणभाऊंचं प्रेशर १२६. दूध प्यायल्यावर तासाभरात वरचा आकडा ८४! चेहरा लाल, डोकं ठणकतंय, उठायला गेले आणि कोसळले. पाय उशांवर घेतले तेव्हा सावरले. डॉक्टरांच्या कागदावर लाल शाईत लिहिलंय, शिरा सैल करणाऱ्या छातीच्या गोळ्या बंद. शिरा सैल पडल्या की रक्त पायांत, पोटात साचतं आणि हृदय भरत नाही. अरुंद झडपेच्या हृदयाला तर भरभरून रक्त लागतं. फोनवर डॉक्टरांनी विचारलं, जुन्या गोळ्या घरात उरल्यात का. बायडाबाई नाही म्हणाल्या. माझ्याकडं न बघता.

७ नोव्हेंबर
काल पुन्हा तेच, दुधानंतरच. आज दूध मी तापवलं, मीच पाजलं. दिवसभर १३०.
म्हणजे दुधातच.

८ नोव्हेंबर
बायडाबाईंना पाट्यावर गोळी वाटताना धरलं. रडल्या नाहीत. म्हणाल्या, "मारायला न्हाई देत, सिस्टर. प्रेशर उतरलं की ह्यो मानूस मला नावानं हाक मारतो. चाळीस वर्सांत पयल्यांदाच." वाकडा जुळलेला कोपर दाखवला. मी म्हणाले, अशानं ते मरतील. त्यावर म्हणाल्या, "तुमी महिन्यानं जाल. मी कुटं जाऊ?"
गोळ्या काढून घेतल्या. डॉक्टरांना, ज्ञानेश्वरला कळवलं. गेणभाऊंनाही सांगावं लागलं, दुधात काय होतं आणि कशासाठी. 

१० नोव्हेंबर
१३८. उठून बसतात. आवाज मोठा झालाय. चहात साखर कमी म्हणून कप भिंतीवर फेकला.

११ नोव्हेंबर
१४६. बायडाबाईंच्या गालावर वळ. पाय घसरला म्हणतात. ज्ञानेश्वरला फोन केला. बाबांचा स्वभावच तसा आहे, तुम्ही प्रेशर बघा, म्हणाला.
मी चूक केली का? नाही. माणूस वाचवणं चूक कशी?

१२ नोव्हेंबर
१५२. घरभर काठीशिवाय फिरतात. माझा फोन काढून घेतला. फाटकाला कुलूप, बिबट्या फिरतोय म्हणे. भरदिवसा? किल्ली त्यांच्या बंडीत. शेजार उसापलीकडं, हाक पोचत नाही.

१३ नोव्हेंबर, सकाळ
बायडाबाईंचं डोकं फुटलंय. टाके हवेत. गेणभाऊ किल्ली देत नाहीत — हसतात. दूध आणायला सांगितलंय.
गोळ्या माझ्या बॅगेत आहेत. एक —
तीन वाटून दुधात घातल्या. मारायला नाही. किल्ली काढून घेईपर्यंत फक्त.

साडेदहा
प्यायले नाहीत. म्हणाले, "आधी तुमी घ्या, सिस्टर." बायडाबाईंचे केस त्यांच्या मुठीत होते. मी प्याले — सगळं.

डोकं ठणकतंय. चेहरा तापलाय. उठले की डोळ्यांपुढं अंधार — पाय वर घ्यायला हवेत — भिंतीला टेकून लिहितेय, कुणाच्या तरी हाती —

मशिन घेऊन आलेत. पट्टा माझ्या दंडाला गुंडाळतायत, अगदी हलक्या हातानं. विचारतायत, वरचा आकडा कितीवर आला की मानूस गप —