दुधाळ नळी

३ ऑगस्ट १९५४, मंगळवार
फिनॉल-पाण्याची नळी सातव्यांदा तापवली. गार असताना दोन थर, तापवलं की एकजीव. पण एकजीव होण्याच्या ऐन टोकाला, ६६ अंशांजवळ, सगळं दुधाळ होतं आणि प्रकाश मोजणारा काटा नाचत सुटतो. प्रबंधाचे मार्गदर्शक सर म्हणाले, "नळी घाण आहे, धुवा." धुतली. पुन्हा दूध.

६ ऑगस्ट, शुक्र.
प्रयोगशाळेतले शिपाई गणूमामा आज म्हणाले, "सायेब, दर बारीला तितक्याच गर्मीला दूध हुतंय न्हवं? घाण काय अशी येळ बघून येती व्हय?" एम.एस्सी.चा प्रबंध माझा, आणि हे सुचलं त्यांना.

१२ ऑगस्ट, गुरु.
सरांना आलेख पसंत नाही. "टोकाजवळचे ठिपके काढून टाका. रेघ गुळगुळीत हवी, नाहीतर सही नाही." इथंच डेमॉन्स्ट्रेटर म्हणून पोरांच्या जर्नलमध्ये मीही हेच करायला लावतो. काट्याची एकोणीस वाचनं, म्हणजे रीडिंग्ज, खोडली. वर अतिशहाणपणा माझा: बाहेरचे परीक्षक मागतील म्हणून कच्च्या वहीतली पानंही फाडून बंबात घातली.

१० सप्टेंबर, शुक्र.
तोंडी परीक्षा. परीक्षकांचा पहिलाच प्रश्न, "टोकाजवळची वाचनं कुठायत? काटा नाचला नाही?" सर खिडकीबाहेर बघत बसले. मी म्हणालो, "नाही."
मग परीक्षकांनीच समजावलं. तो गोंधळ नव्हेच. टोकाला लहानमोठे सगळ्या मापांचे पुंजके एकदम तयार होतात, इथला कण पार तिथल्या कणाची दखल घेतो, म्हणून दूध. खरी शिस्त त्या नाचातच. मी मान डोलवत ऐकलं, जसं काही पाहिलंच नव्हतं. शेरा: काम नीटनेटकं, नवं काही नाही. पास.

११ सप्टें., शनि.
सौ.नं शेजारी पेढे वाटले. "पास झालात की, मग तोंड का असं?" सांगितलं सगळं. म्हणाली, "सर गप्प बसले ते बसले. तुमची जीभ कुणी धरलेली?" लाज वाटते.

१४ सप्टें., मंगळ.
परीक्षकांना पत्र लिहिलं: काटा नाचला होता, वाचनं मी खोडली, कुणाच्या सांगण्यावरून तेही. पदवी जाईल, नोकरीही. विभागातून बाहेर जाणारं प्रत्येक पत्र सरांच्या सहीनं जातं, तसा रिवाज. दुपारी त्यांच्या टेबलावर उघडंच ठेवून आलो. पाच वाजले. सर आत आहेत, दार लोटलेलं. अजून हाक आलेली नाही.