एक जोडी बूट, दोन फॉरवर्ड

वस्ताद, तुम्हाला जाऊन सात वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा माझा संशय काही जात नाही. इथं मस्कतला दिवसभर क्रेनवर बसतो. हात कामात असतात, डोकं त्या मॅचमध्ये.

देशाच्या फुटबॉल टीमचा मॅनेजर कोल्हापूरला आलेला. कॅम्पसाठी त्याला एक तरणा फॉरवर्ड पाहिजे होता, आणि अनवाणी खेळणारा चालणार नाही असं त्यानं आधीच कळवलेलं. आपल्या तालमीत फॉरवर्ड दोघं, मी आणि तुमचा भाचा. दोघांचा पाय एका मापाचा, आणि त्या मापाची बुटांची जोडी तालमीच्या पेटीत एकच. तुम्ही पेटीवर बसलाय, मी समोर उभा आहे. "पैल्या हाफला ह्यो खेळंल, दुसऱ्याला तू," म्हणता. मी म्हणतो, "वस्ताद, नाणं तरी उडवा की." "लई शाणा झालास व्हय रं? चौथी नापास, आन् मला कायदा शिकवतोस?" सगळी पोरं हसली. भाचा लेस बांधत होता, त्यानं मान वर केली नाही. मला तिथंच खटकलं.

भाच्यानं गोल मारला. हाफला मी त्याच्या पायातले गरम, ओले बूट घालतोय आणि तुम्ही त्या मॅनेजर साहेबाचा दंड धरून म्हणताय, "चला साहेब, च्या घेऊया." दुसरा हाफ सुरू झाला, मांडवातली त्याची खुर्ची रिकामीच. चहाला एवढा वेळ लागतो होय, वस्ताद? का मुद्दाम बसवून ठेवलात? कॅम्पला नाव भाच्याचं गेलं. मी तालीम सोडली. तुम्ही आईकडं निरोप धाडलात, "पोराला परत तालमीत लावून द्या." त्यातही मला डावच दिसला. मी गावभर बोलू नये म्हणून गोड बोलताय, असं वाटलं.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार? गादीखाली ठेवीन. सगळ्यांना मी आजवर सांगत आलो की साहेबानं मला बघितलंच नाही. ते खोटं आहे. शेवटची पाच मिनिटं तो गोलच्या मागं उभा होता आणि शेजारी तुम्ही, माझ्याकडं बोट करून काहीतरी सांगत. काय सांगत होतात, देव जाणे. मी तुम्हा दोघांना बघितलं. चेंडू माझ्या पायात होता, गोलकीपर खाली पडलेला. मी बाहेर मारला.