मोहफुलांच्या सकाळचं मतदान

बा, आपल्या टोल्यावर, या छोट्या वस्तीवर, शाळा होणार आहे. नाल्याच्या अलीकडे, पोरांना पाण्यात उतरावं लागणार नाही अशी. काल पंचायतीत हात वर झाले आणि आपण जिंकलो.

तू गेलास तेव्हा मी चौथीत होते, आपल्या घरातली पहिली शाळेत जाणारी. त्याआधीची एक सकाळ मला अजून दिसते. तू टोल्याचा पंच आहेस, शाळा कुठं बांधायची ते त्या दिवशी ठरायचं आहे आणि आपण पहाटेपासून झाडाखाली मोहफुलं वेचतो आहोत. टाकून जावं तर गुरं खातात. मग टोपली डोक्यावर तशीच घेऊन तू नाल्यापलीकडच्या मोठ्या गावी सभेला निघतोस, मागं मी. पोचतो तर हात मोजून झालेले. टोल्यावरच्या शाळेची गोष्ट तिथंच मोडली. "भाऊ, तुमची हजेरी नाई लागली," सचिव म्हणतो. परतताना नाल्यात मी रडू लागले तशी तू ओरडलास, "रडून काऊन राह्यली? शिक, अन् तू येळेवर जात जा."

आता मी पंचायतीत आहे, टोल्याच्या तिघा सदस्यांतली एक. शाळेचा विषय पुन्हा निघाला आणि मोठ्या गावच्या सरपंचांनी सभा पुन्हा मोहाच्याच दिवसांत ठेवली, सकाळी. नोटीस मी इतकी वाचली की कागद मऊ पडला. माझ्या काळजीला माय वैतागली. "तुमी तिघं सभेले जा. तुमची झाडं आमी बाया वेचतो," ती म्हणाली आणि घरोघर सांगून आली.

आम्ही टोल्याचे तिघं सदस्य वेळेआधी जाऊन बसलो. सरपंचांकडे ते धरून चौघं. पण त्यातले दोघं आलेच नाहीत. टोल्यावरचं कोणी येणार नाही, मग आपण कशाला जायचं, म्हणून तेही आपापल्या झाडाखाली फुलं वेचत होते! सरपंच दाराकडे बघत म्हणाले, "सभा पुढं ढकलू."

मी उठून बोलले, "भाऊ, नोटीस तुम्हीच काढली. हजेरी झाली, सातांतले पाच आहेत. मत घ्या."

आमच्यातला म्हातारा पंच हसला, "त्याईले निरोप धाडा सरपंचभाऊ, अर्धी टोपली भरली तरी चालते म्हना!"

तीन हात आमचे, दोन त्यांचे. घरी आले तर अंगणात आपली फुलं वाळत पसरलेली. एक टोपलीही कमी नव्हती.

हे पत्र कुठं टाकणार? मायच्या पेटीत ठेवते. फक्त एक सांगायचं राहिलं. हात मोजत होते तेव्हा माझा दुसरा हातही वर जाऊ पाहत होता, तुझा राहिलेला. एका सदस्याचा एकच हात चालतो, म्हणून तो मी मांडीखाली दाबून बसले होते.