मिठाचा शेक

प्रिय आबा,

तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. एकाच घरात राहत होतो, आणि एका घरात असूनही आपण बापलेक फारसं बोलत नव्हतो. पण काल जे कळलं ते घरात कोणाला सांगता येत नाही. म्हणून तुम्हालाच सांगतो.

काल आईला रक्तदाबासाठी पनवेलला नव्या डॉक्टरांकडे नेलं. तपासून झाल्यावर ती बाहेर जाऊन बसली, तेव्हा मी तुमच्याबद्दल विचारलं. करोनातून तुम्ही बरे होऊन घरी आला होतात. बोटाला लावायचं यंत्र चांगला आकडा दाखवत होतं. मग अंगणात बसल्या बसल्या श्वास अडकून कसे गेलात? इतकी वर्षं हा प्रश्न मी कोणालाच विचारला नव्हता.

डॉक्टर म्हणाले, तो आजार फक्त फुप्फुसांचा नव्हता. रक्तवाहिन्यांना आतून एक पातळ अस्तर असतं, इतकं गुळगुळीत की रक्त कुठेही न चिकटता वाहत राहतं. आजार जोराचा झाला की ते अस्तरच खराब होतं आणि रक्त गोठायला लागतं. तुमच्या पायात अशी गुठळी झाली असावी आणि ती सुटून फुप्फुसात गेली असावी.

मला काय आठवलं सांगू? पावसाळा संपला की तुम्ही मिठागराचा तळ पायांनी तुडवायचात, फळीने चोपायचात. हात फिरवला तर खडा लागायचा नाही. त्यावर कोणी चप्पल घालून उतरलं तर एरवी न बोलणारे तुम्ही केवढे ओरडायचात! तळ फुटला की खालचा चिखल वर येतो आणि मीठ काळं पडतं. डॉक्टरांचं म्हणणं मला दोनदा ऐकावं लागलं. तुम्हाला पहिल्याच वाक्यात कळलं असतं.

घरी आल्यावर पाय दुखतो असं तुम्ही म्हणाला होतात. सूजही दिसत होती. मी दवाखान्याचं नाव काढलं तर हसलात. "मिठागरावरचा पाय हाय हा. सुजायचाच."

आपल्या घरात त्याचं नवल कोणाला वाटणार? आईने नेहमीसारखं जाडं मीठ तव्यावर भाजलं, फडक्यात बांधलं आणि शेक दिला. वर पोटरी चोळून दिली. तुम्ही डोळे मिटून घेतलेत. बरं वाटत होतं ना?

पण मिठागरावर दोन्ही पाय सुजायचे, आबा. या वेळी एकच सुजला होता.

शेकाने काही झालं का, असंही मी विचारलं. चोळायला नको होतं, डॉक्टर म्हणाले, पण त्यानेच गुठळी सुटली असं आता कोणी सांगू शकणार नाही. एकाच पायाला सूज आली तेव्हाच आणलं असतं, तर बहुधा वाचवता आलं असतं.

या "बहुधा"चं मी काय करू?

बाहेर आल्यावर आईने विचारलं, इतका वेळ काय बोलत होतात. मीठ कमी खायला सांगितलंय, म्हणालो. "मिठागरवाल्याच्या बायकोला?" म्हणाली, आणि हसत रिक्षात बसली.

संध्याकाळी माझा गुडघा धरला होता. न सांगता तिने तवा ठेवला. मीठ तडतडायला लागलं तेव्हा उठून जावंसं वाटलं. बसून राहिलो. शेकता शेकता ती म्हणाली, "तेवा करोनात लोकांना आपल्या मानसाला हात लावता नाय आला. मी तुझ्या आबांचा पाय शेकला. तेवढं तरी झालं माझ्या हातून."

मिठागर विमानतळाच्या भरावाखाली गेलं. तुम्ही गेलात. तिच्याकडे तेवढंच उरलंय.

कळल्याने मन हलकं होतं म्हणतात. माझं झालं नाही. तुम्ही का गेलात हे माहीत नव्हतं तेच बरं होतं. आता रोज तिच्यासमोर जेवायला बसायचं आहे.

तरी एक शब्द देतो. हे तिला माझ्याकडून कधी कळणार नाही. तिच्या दोन्ही पायांकडे मी रोज बघत जाईन. आणि तिने तवा ठेवला की काही न बोलता माझा पाय पुढे करीन.

तुमचा,
दिनेश