बिनघामाचे हात

८ एप्रिल
पोचले एकदाची! हिंगोलीच्या एसटीत खिडकीचा गज हाताला चटके देत होता, पण शिरड शहापूर मागे पडलं आणि सगळा वैताग विसरले. गावाबाहेर माळभर शिजवलेली हळद वाळत पडली आहे. आरोग्य उपकेंद्राची किल्ली गावातल्या सुमनबाईंकडे, राहायची सोयही त्यांच्याच घरी. आमचं तिखट तुमाला चालंल का, असं त्यांनी दहादा विचारलं. सून आरोही सातव्या महिन्यात आहे. माझ्या चिपळुणी बोलण्याला तोंडावर पदर घेऊन हसते. नर्स म्हणून माझी पहिलीच नेमणूक; हिचं बाळ सुखरूप जगात आणायचंच, असं मी ठरवून टाकलं.

११ एप्रिल
इथली एक गंमत. वाळत्या हळदीवर घामाचा थेंब पडला की ती काळी पडते, अशी गावाची समजूत. म्हणून भर दुपारी लाकडी दाताळ्याने हळद उलथायला बिनघामाचा माणूस लागतो. सध्या तो मान सुमनबाईंच्या भावाचा, सोनाजीमामांचा. आधी असा एखादाच असायचा, आता ऊन वाढलं तसे लई निघून राहिले, असं शेताचे मालक तातेराव कौतुकाने सांगत होते. मला काही हसू आलं नाही. उन्हात राबणाऱ्याचा घाम आटला म्हणजे उष्माघात दारात आला. तसं म्हटलं, तर काहून घाबरवता मॅडम, त्याच्या हाताला गुण हाय, म्हणाले.

१५ एप्रिल
सोनाजीमामा हळदीवरच गेले. अंगाला हात लावला तर चटका बसला. चेहरा मात्र शांत. जाताना म्हणाले म्हणे, लई गार वाटून राहिलं. मी खूप रडले.
संध्याकाळी तातेराव आले. आता कोण, एवढंच विचारलं. सुमनबाईंनी सुनेकडे पाहिलं. आरोही चुलीपुढे बसली होती आणि तिचं कपाळ कोरडं ठणठणीत होतं.

१७ एप्रिल
सुमनबाईंशी भांडले. हिला हळदीवर धाडलंत तर बाळही जाईल आणि पोरगीही, असं ओरडून सांगितलं. घराला मान मिळून राहिला, म्हणाल्या सुमनबाई. आरोहीला उपकेंद्रात आणून ठेवलं. सलाईन, ओल्या चादरी. रुग्णवाहिका वाटेत बंद पडली म्हणतात.

१८ एप्रिल
आरोही खिडकीशी. मामा हळद उलथून राहिले, मला बलावून राहिले, म्हणते. मी पडदा ओढला. माळावर कुणी नव्हतं. दाताळ्याची खरखर मात्र— मलाही ऐकू आली.

१९ एप्रिल
वीज नाही. कुलूप आतून. बाळाचे ठोके फार जलद.
बाहेर माणसं जमलीत. तातेराव, सुमनबाई, सगळा गाव— कुणालाच घाम नाही. दार वाजवत नाहीत. नुसती उभी—

दुपारी
माझी ओढणी सकाळपासून कोरडी आहे. छान वाटतंय. फटीतून किती गार झुळूक— उगाच घाबरले मी. उगाच कोंडलं हिला.
चादरींनी गुण आला म्हणायचा. आरोहीला दरदरून घाम फुटलाय, शुद्धीवर आहे, बाळही हलतंय म्हणते. पण आता तीच बाहेर यायला तयार नाही! पाया पडते, ताई नका नेऊ म्हणते. वेडी. आत किती उकडतंय तिला.
घाम पुसून दिला. पुन्हा येतो. पुन्हा पुसला.
कुलूप काढलं. सगळे बाजूला झाले, वाट दिली. मामा पुढे. हिचा हात सुटत नाही खाटेवरून— एकेक बोट सोडवते आहे—